वाहता व्हॉल्व्ह

३ फेब्रुवारी

ही डायरी पंपाच्या कंपनीने फुकट दिलेली. दर वर्षी येते आणि दर वर्षी मी तिच्यावर चहाचा कप ठेवतो. या वर्षी हिच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज सकाळी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजा, वजन करा आणि लिहून ठेवा. आज पहिल्या ओळीत आकडे लिहिले आणि खाली एवढं पांढरं पान उरलं की वाया घालवणं जिवावर आलं. म्हणून लिहितोय.

'ही' म्हणजे माझी बायको. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाली तरी खडू काही हातातून सुटला नाही. मी तिला मास्तरीणबाई म्हणतो. मी पाण्याचे पंप दुरुस्त करतो. आमचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या मामांनी विचारलं होतं, "मुलगा शिकलेला किती?" तर ही म्हणाली, "पुरेसा आहे, उरलेलं मी शिकवेन." अजून शिकवतेच आहे.

गेले काही महिने जिना चढताना हिला धाप लागायची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आधी वयाला दोष दिला, मग वजनाला, मग धुळीला. आज कळलं, की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आखडल्यात आणि तिथला दाब वाढलाय. मी म्हटलं, "अहो, हिचा रक्तदाब तर एकदम नॉर्मल! मी स्वतः मोजलाय." डॉक्टरीणबाई हसल्या. आमच्या लेकीच्याच वयाच्या असतील. म्हणाल्या, "काका, दंडाला कळतो तो अंगाचा दाब. फुप्फुसाची लाइन वेगळी. हृदयाचा डावा भाग अंगाला रक्त पुरवतो, उजवा फुप्फुसांना. आजींचा उजवा भाग दमतोय."

म्हणजे एका खोक्यात दोन पंप! हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. (हिला 'आजी' म्हटलेलं मात्र आवडलं नाही. मी काका आणि ही आजी, हे कुठलं गणित, असं घरी येईपर्यंत चाललं होतं.)

पुढे त्या म्हणाल्या, की हृदयावर ताण आला की हृदय स्वतःच एक हार्मोन सोडतं. ते रक्तवाहिन्यांना सांगतं, सैल व्हा. मूत्रपिंडांना सांगतं, मीठ-पाणी बाहेर टाका. तेवढाच दाब उतरतो. रक्त तपासलं की ते हार्मोन किती आहे तो आकडा कळतो.

"सेफ्टी व्हॉल्व्ह!" मी खुर्चीतून उठलोच.

"हो, तसंच काहीसं," त्या म्हणाल्या, आणि नेमका माझा फोन वाजला. एका लाँड्रीवाल्याचा पंप अडला होता. बाहेर जाऊन बोलून परत आलो तोवर आतलं बोलणं संपलं होतं. ही फाइलची दोरी बांधत होती. हिच्या हार्मोनचा आकडा नऊशे आलाय.

काय पण यंत्र आहे! आपलं औषध आपणच तयार करतं. एवढे पंप उघडले, पण असा एकही पाहिला नाही.

५ फेब्रुवारी

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवली. खालच्या शेजारीणबाई म्हणाल्या, "जिन्यात अडचण होते." मी म्हटलं, "तुम्हीही बसा." आता त्याच जास्त बसतात. ही चढताना तिथे टेकते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाढे विचारते.

१२ फेब्रुवारी

लाँड्रीवाल्याकडे गेलो. माणूस बरा, पण डोकं इस्त्रीखाली दिल्यासारखं सपाट. पंपाच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाण्याची धार चालू, खाली बादली लावलेली, आणि हा मला कौतुकाने दाखवतोय, "बघा कसा झकास चालतो व्हॉल्व्ह! दिवसाला किती बादल्या देतो!"

मला राग आवरेना. म्हटलं, "अहो, सेफ्टी व्हॉल्व्ह वाहतोय ही आनंदाची गोष्ट आहे का? तो बिचारा ओरडून सांगतोय की पुढे कुठेतरी चोंदलंय. त्याची धार जेवढी मोठी तेवढा पंपाचा जीव जास्त जातोय. व्हॉल्व्हचं कौतुक पुरे, पुढचा पाइप बघा." पाइप आतून क्षाराने दाटला असणार. बदलावा लागेल. तो म्हणाला, बघू पुढच्या महिन्यात. उचलली जीभ, लावली टाळ्याला, दुसरं काय!

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही ऐकत होती, एरवी मध्ये चार प्रश्न विचारते, आज एकही नाही. मग म्हणाली, "तुम्ही फार हुशार आहात हो." टोमणा होता की काय, कळलं नाही.

२० फेब्रुवारी

आज आनंदाचा दिवस. हार्मोन नऊशेवरून चौदाशेवर!

फाइल हिच्याकडे असते, कारण चष्मा हिच्याकडे असतो. तिने कागद वाचला आणि घडी घातली. मी विचारलं, "किती?" म्हणाली, "चौदाशे." "पैकी किती?" म्हटलं. म्हणाली, "याला 'पैकी' नसतं."

मी टाळीच वाजवली. हृदयाने कंबर कसली म्हणायची! तसाच खाली गेलो आणि आइस्क्रीम घेऊन आलो, व्हॅनिला, हिचं आवडतं. हिने दोन चमचे खाल्ले आणि उरलेली वाटी माझ्याकडे सरकवली. "तुम्ही खूश ना? मग झालं," म्हणाली. नंतर बराच वेळ मोरीत चमचा धूत होती. मी म्हटलं, "झिजेल तो." तर हसली.

संध्याकाळी मी गात गात पंखा पुसला. मला गाता येत नाही असं हिचं जुनं मत आहे, पण आज म्हणाली, "थांबू नका, म्हणा अजून."

२१ फेब्रुवारी

लेकीचा फोन. ती दूर असते, विमानाने यावं लागतं. मी आधी आनंदाची बातमी दिली. तिने विचारलं, "बाबा, आईशी बोलणं झालंय का तुमचं?" म्हटलं, "रोजच होतं, एका घरात राहतो आम्ही." "तसं नाही... जाऊ दे. आईला द्या फोन." हिने फोन घेतला आणि बाल्कनीचं दार लोटून बराच वेळ बोलली. मायलेकींची गुपितं! मी मटार सोलले.

२ मार्च

मानेतून बारीक नळी घालून हिच्या फुप्फुसातला दाब मोजला. मी बाहेर बाकावर बसून होतो. हे हात मोठमोठाल्या पंपांचे नट सोडवतात, पण आज पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. शेजारच्या बाईंनी उघडून दिलं.

दाब बराच वाढलेला निघाला. पायांवरही सूज आलीय. हार्मोन अठराशे. डॉक्टरीणबाईंनी नवी गोळी सुरू केली. मला समजेल असं सांगितलं त्यांनी: हार्मोन रक्तवाहिन्यांना 'सैल व्हा' असा निरोप पाठवतं, पण शरीर तो निरोप लगेच पुसून टाकतं. ही गोळी तो पुसू देत नाही, निरोप जास्त वेळ टिकतो.

वा! म्हणजे निरोप पाठवणारं आधीच जोरात, त्यात गोळीची साथ. दुधात साखर! मी तसं म्हटलंसुद्धा. डॉक्टरीणबाई काहीतरी सांगणार होत्या, पण हिने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "गोळी जेवणाआधी की नंतर?"

परतताना रिक्षात हिने माझा हात धरला. चारचौघांत असं कधी करत नाही. मी म्हटलं, "लोक बघतील." म्हणाली, "बघू देत."

६ मार्च

गोळीने हिचं डोकं दुखतं, गाल लाल होतात. मी म्हटलं, "लाजतेस की काय?" म्हणाली, "तुमच्याकडे बघून? या वयात?" डोकं दुखत असतानाही जीभ शाबूत आहे, ते बरंय.

११ मार्च

सकाळी पलंगावरून उठताना हिला भोवळ आली. मी धरली म्हणून बरं. दंडाचा दाब मोजला तर रोजच्यापेक्षा पुष्कळच खाली. पुन्हा मोजला, तेवढाच.

दवाखान्यात धावलो. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. गोळी रक्तवाहिन्या सैल करते, पण तिला फक्त फुप्फुसातल्याच ओळखता येतात असं नाही, अंगातल्याही थोड्या सैल होतात. तिथला दाब उतरायला हवा आणि इथला फार उतरता कामा नये, अशी ही तारेवरची कसरत. गोळीचा डोस कमी करून हळूहळू वाढवायचा. मी विचारलं, "आणि दंडाचा दाब असाच पडत राहिला तर?"

"तर गोळी बंद करावी लागेल. मग पुढचा रस्ता अवघड आहे, काका. खोटं नाही सांगत. महिनाअखेर पुन्हा हार्मोन बघू. त्या आकड्यावर कळेल, गोळी लागू पडतेय की नाही."

सगळं त्या एका आकड्यावर येऊन ठेपलंय. अठराशेच्या वर जाऊ दे, बाबा. दोन हजार होऊ दे. मी कधी कुणापुढे हात जोडले नाहीत, आज पंपांच्या खोलीत एकटाच असताना जोडले. कुणाला ते मलाही माहीत नाही.

१९ मार्च

डोस पुन्हा पहिल्याएवढा झाला. भोवळ नाही. पायांची सूज उतरलीय, जुन्या चपला परत होतात. आज ही खुर्चीत न टेकता वर आली! मी म्हटलं, "अगं, बसायचं राहिलं!" म्हणाली, "विसरले." पाढे विचारायला कुणी भेटलं नसेल.

२४ मार्च, शुक्रवार

हिने केस धुतले होते म्हणून रिपोर्ट आणायला मी एकटा गेलो. धीर धरवेना. रस्त्यातच पाकीट फोडलं आणि कागद लांब धरून वाचला.

साडेपाचशे.

अठराशेवरून साडेपाचशे. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. हिच्या हृदयाने हात टेकले. इतके महिने आपलं औषध आपणच करत होतं, दमलं बिचारं, थांबलं. आणि परवा जिना चढली, ते? विझताना दिवा मोठा होतो म्हणतात, तसंच ते असणार.

कसं सांगू हिला? मी तर चौदाशेला आइस्क्रीम आणलं होतं.

कागद हत्यारांच्या पेटीत पान्यांखाली घातला. घरी येऊन म्हटलं, "त्यांचं मशीन बिघडलंय. मंगळवारी डॉक्टरांकडेच मिळेल." ही केस पुसत होती, हात थांबला. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि "बरं" म्हणाली. पुढे काही विचारलं नाही. निभावलं एकदाचं.

२५ मार्च

मी अगदी नेहमीसारखा वागतोय. सकाळी मुद्दाम गाणं म्हटलं. ही म्हणाली, "आज सूर लागत नाहीये तुमचा." आजवर कधी लागला होता?

हिच्या डोक्यात काय शिरलंय कळत नाही. मला भात लावायला शिकवला. दोनदा करून घेतला, पहिला नापास. मग गरम कपडे कुठल्या कपाटात, कुठल्या कुंडीला पाणी कमी घालायचं, शर्टाची कॉलर आधी उलटीकडून कशी इस्त्री करायची, सगळं दाखवलं. मी म्हटलं, "परीक्षा आहे का?" म्हणाली, "असं समजा." बरा मोकळा सापडलो मी तिला छळायला. मी मात्र शहाण्या मुलासारखं सगळं केलं. अजून किती दिवस ती शिकवणार, असं मनात आलं आणि कॉलर जाळली.

२६ मार्च

दुपारी जिन्यात गेलो. ही खुर्चीवर, मी खालच्या पायरीवर. कुणीच येत-जात नव्हतं. हिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा.

"भांडी साठवून ठेवू नका हं. जेवलं की लगेच धुवायची. एकट्या माणसाचं घर भांड्यांवरूनच कळतं."

"कोण एकटा?"

"सहज म्हटलं."

मी खुर्चीच्या पायाचा स्क्रू तपासायला लागलो. तिला काही कळता कामा नये. शेजारीणबाई आल्या, आम्हाला बघून आल्या पावली परत गेल्या.

२७ मार्च, सोमवार

हे मला नीट क्रमाने लिहायला हवं.

लाँड्रीवाला अखेर पाइप बदलायला तयार झाला होता. मनात नव्हतं, पण शब्द दिला होता, गेलो. जुना पाइप कापून काढला. आतून पांढऱ्या क्षाराने एवढा दाटलेला की करंगळी जाईना. नवा टाकला, पंप सुरू केला. पंपाचा आवाजच बदलला. कण्हत होता, तो गुणगुणायला लागला.

तेवढ्यात लाँड्रीवाला बादली घेऊन धावत आला. "अहो, व्हॉल्व्ह बंद पडला की! थेंबभर पाणी येत नाही. चांगला वाहत होता, तुम्ही बिघडवलात!"

आधीच माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी खवळलो. "बिघडला नाही हो, शहाणे! पुढचा रस्ता मोकळा झाला, आता त्याने कशाला वाहायचं? ताण गेला म्हणून धार गेली! धार कमी झाली याचा अर्थ पंप..."

आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

लाँड्रीवाला म्हणाला, "काय झालं? पाणी देऊ?"

पेटी उघडली, सगळे पाने जमिनीवर ओतले, कागद काढला. त्याच्या नाकावरचा चष्मा मागून घेतला. अठराशे, साडेपाचशे. हृदयावर ताण आला की हार्मोन. ताण जास्त तर हार्मोन जास्त. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ज्या गोष्टीवरून मी या भल्या माणसाला दोनदा झापलं, ती माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या छातीत चालली होती आणि मी टाळ्या वाजवत होतो. चौदाशेला. आइस्क्रीम आणून.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि मी तिथल्या ओल्या कपड्यांच्या ढिगावरच बसलो. हिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. मी फोन घ्यायला बाहेर गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं असणार. आणि शुक्रवारी माझं तोंड बघून हिने काय समजायचं ते समजून घेतलं. भात, कॉलर, भांडी...

हत्यारं तिथेच टाकून पळालो. चष्माही त्याचाच डोळ्यांवर राहिला.

ही स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. 'साखर', 'मीठ', 'हे मीठ नाही, सोडा'. मला धाप लागली होती, बोलता येईना. नुसता कागद पुढे केला.

तिने वाचला. पुन्हा वाचला, बोट ठेवून, मुलांची वही तपासावी तसा. मग खाली बसली, तिथेच फरशीवर.

"हे कधी आलं?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी!" हातातल्या डब्याचं झाकण तिने माझ्या खांद्यावर मारलं. "शुक्रवारपासून मी... अहो, मी तुमच्यासाठी सोड्यावर चिठ्ठी लावतेय! मला वाटलं दोन हजार झालं!"

"मला वाटलं, हृदय थांबलं औषध बनवायचं."

"अरे देवा!" ती म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मीही. दोघंही फरशीवर, मधे सोड्याचा डबा.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "आणि तू? चौदाशेला का नाही सांगितलंस? अठराशेला? एकटीने सगळं पोटात ठेवलंस?"

तिने पदराने माझे डोळे पुसले, मग लाँड्रीवाल्याचा चष्मा पुसला. "सांगणारच होते. तोंड उघडलं होतं. पण तुम्ही जिन्यावरून गात गात येत होतात, हातात आइस्क्रीम. मला वाटलं, या घरात निदान एक माणूस तरी भीत नाहीये. त्याच्या शेजारी झोपलं की मलाही झोप लागते. तेवढं राहू दे."

मी तिचा हात धरून बसलो.

"पण लाँड्रीवाल्याची गोष्ट सांगितलीत ना त्या दिवशी," ती नाक पुसत म्हणाली, "तेव्हा मला वाटलं आता कळेल, आता कळेल. लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

"शून्य मार्क?"

"पाच. पळत आलात त्याचे."

२८ मार्च

डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला आणि टेबलावर थाप मारली. गोळी लागू पडली. दंडाचा दाबही जागेवर आहे. मी सगळी हकिकत सांगितली, अगदी पान्यांखालच्या कागदासकट. त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या, पण मग खिडकीकडे तोंड करून डोळे टिपले. म्हणाल्या, "माझीच चूक, काका. तुम्ही आत आल्यावर पुन्हा सांगायला हवं होतं."

आजार गेलेला नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. रक्तवाहिन्या काही पाइप नव्हेत की कापून नव्या टाकाव्यात. गोळी कायमची, तपासण्या कायमच्या. आकडा उद्या पुन्हा वर जाऊ शकतो. या वेळी मी फोन बंद करून शेवटपर्यंत बसलो होतो, सगळं ऐकलं.

मी आता भितो. हे लिहून ठेवतो, कारण खरं आहे. रिक्षात हिला तसं सांगितलं. म्हणाली, "भ्या. पण गाणं बंद करायचं नाही."

ठरलंय, पाकीट दोघांनी मिळून उघडायचं आणि त्या वेळी चष्मा माझ्या डोळ्यांवर असेल. लाँड्रीवाल्याचा त्याला परत केला, माझा नवा करायला टाकलाय.

येताना आइस्क्रीम घेतलं, व्हॅनिला. हिने आपली वाटी संपवली. मग माझीही ओढून घेतली आणि चमच्याने कडा खरवडून खरवडून खाल्ली. मी बघत बसलो.